पेज काढू की ग्रुप?

कराडात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, संस्थांचे वार्षिक अहवाल हे जुनं काम. आता त्याच संस्था म्हणतात, "मॅडम, आमचं तेवढं फेसबुकचंही बघा की," म्हणून तेही बघते. हँडबिल छापायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी एकच विचारते, वाटायचंय कुणाला? चौकात वाटायचं असेल तर मजकूर वेगळा, सभासदांच्या घरी जायचं असेल तर वेगळा. पेज काढू की ग्रुप, असं विचारणाऱ्या, या अंकासाठी निवडलेल्या पत्रांनाही मी तेच विचारलंय. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत. दोघीतिघींनी तशी विनंती केली होती, मग सगळ्यांनाच तो नियम लावला.

घरगुती फराळ, चटण्या, मेतकूट विकते. फेसबुक पेजला तीन हजारांवर लाइक आहेत, पण पोस्ट टाकली की जेमतेम आठ-दहा जणी बघतात. पुतण्या म्हणतो, पेज बंद कर आणि ग्रुप काढ, ग्रुपचं सगळ्यांना दिसतं. काय करू? (इचलकरंजी)

ताई, पुतण्याचं निम्मं खरं आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीरच केलं होतं की मित्र, घरची माणसं आणि ग्रुपमधल्या गप्पा वर दाखवू आणि पेजवाल्यांचं कमी दाखवू. तेव्हापासून पेजची पोस्ट फुकटात फार लांब जात नाही. त्यात तुमच्या चकलीचा दोष नाही.

पण ग्रुप चालतो तो माणसं एकमेकांशी बोलतात म्हणून. तुमच्या गिऱ्हाइकांना चकली हवी आहे, चकलीबद्दल रोज गप्पा मारायच्या नाहीत. महिन्याभरात त्या ग्रुपात साड्यावाल्या येतील, झटपट कर्जवाले येतील आणि तुम्ही तळण अर्धं टाकून त्यांना हाकलत बसाल. पेज राहू द्या. पत्ता, दर, एफएसएसएआयचा (म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा) नोंदणी क्रमांक आणि चार चांगले फोटो एवढं तिथे असलं की झालं. कुणी नाव शोधलं तर दुकान खरं आहे हे कळतं. (फोटो दिवसाउजेडी खिडकीपाशी काढा. ट्यूबलाइटखाली चिवडा आजारी दिसतो.)

ऑर्डरी मात्र व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर घ्या. त्यात कॅटलॉग करता येतो आणि एकच निरोप अनेकांना वेगवेगळा धाडणारी ब्रॉडकास्ट लिस्टही करता येते. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी टाका, 'हा नंबर सेव्ह करा, दिवाळीचे दर कळवू.' गिऱ्हाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करू नका. शेंगदाण्याची चटणी घेतली म्हणून एखादीने आपला नंबर शंभर अनोळखी माणसांना दाखवायला होकार दिलेला नसतो.

शंभरी ओलांडलेल्या वाचनालयाचा कार्यवाह आहे. वाचक सभासदांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप भरत आला आहे. सूचना टाकली की तिच्यावर लगेच गुड मॉर्निंग, वाढदिवस, श्रद्धांजली यांचा ढीग पडतो. पेज काढल्याने प्रश्न सुटेल का? थकीत पुस्तकांच्या सभासदांची यादीही त्यावर टाकावी असा कार्यकारिणीत सूर आहे. (सांगली जिल्हा)

सर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात १०२४ माणसं मावतात, म्हणजे तुम्ही काठावर आलात. पण तुमची अडचण संख्येची नाही. एकाच ठिकाणी सूचनाफलक आणि कट्टा मांडलाय, तिथे गाडं अडलंय.

सूचनांसाठी व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल काढा. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ पासून आहे. चॅनेलवर तुम्ही बोलता, बाकीचे वाचतात, फार तर अंगठा दाखवतात. एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही, तुमचाही दिसत नाही. वेळापत्रक, नवी पुस्तकं, व्याख्यानमाला, अमावास्येची सुट्टी हे सगळं तिथे. मात्र चॅनेल जुनं जपून ठेवायची जागा नव्हे. स्थापनेपासूनचे फोटो, जुने अहवाल यांना फेसबुक पेज बरं; पुण्या-मुंबईला गेलेली तुमच्या गावची मंडळी ते शोधत येतील.

कट्टा हवाच असेल तर खरोखर वाचणाऱ्यांचा लहान ग्रुप वेगळा करा आणि तो एखाद्या तरुण सभासदाच्या हाती द्या. तुम्ही त्यात अ‍ॅडमिन राहू नका. कार्यवाह ग्रुपात असला की लोक पुस्तकाऐवजी पंख्याबद्दल बोलतात.

थकबाकीदारांची यादी पेजवर नको, चॅनेलवरही नको. पेजवर टाकलेलं नाव कुठवर जाईल सांगता येत नाही. नव्वद रुपयांच्या कादंबरीसाठी एखाद्याची सोयरीक मोडायला नको. ज्याचं पुस्तक त्याला फोन.

आमच्या १९९१ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहसंमेलनाचे फोटो सगळ्या जगाला दिसावेत म्हणून पब्लिक पेज काढावं का? (पुणे)

जगाने मागितलेत का? ग्रुपातच ठेवा. नाचाचे व्हिडिओ तर नक्कीच.

माझी मुलगी तेरा वर्षांची. तिला टाइप १ मधुमेह आहे. आमच्या जिल्ह्यातल्या अशा चाळीसेक मुलांच्या पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि त्याचा फार आधार वाटतो. आता काही पालक म्हणतात, फेसबुक पेज काढू, मुलांचे फोटो आणि अनुभव टाकू, समाजात जागृती होईल, मदतही मिळेल. लपवून ठेवल्यानेच गैरसमज वाढतात असं त्यांचं म्हणणं. मला भीती वाटते. शाळेत, नातेवाइकांत, उद्या लग्नाच्या वेळी... मी मागासलेली आहे का? (रत्नागिरी जिल्हा)

नाही हो. तुमची भीती खरी आहे आणि त्या पालकांचं म्हणणंही खरं आहे. दोन्ही खरं असल्यामुळेच एका जागेवर भागणार नाही. पेज काढा, पण त्यावर एकाही मुलाचं काही नको. ग्रुप ठेवा, आणि मुलांचं जे काही आहे ते तिथेच.

पेजवर काय घालाल? लोकांना ठाऊक नाही ते. हा आजार जास्त गोड खाल्ल्याने होत नाही. शरीरात इन्सुलिनच तयार होईनासं होतं, त्यामुळे ते बाहेरून द्यावंच लागतं, गोळीवर किंवा काढ्यावर भागत नाही. मुलाला सारखी तहान लागते, सारखी लघवीला जावं लागतं, चांगलं जेवूनही वजन उतरतं, थकवा येतो, तेव्हा साखर तपासून घ्या. एवढं पेजवर मराठीत नीट लिहिलं तरी एखाद्या वाडीवरचं पोर वेळेत दवाखान्यात पोचेल. शाळांसाठी एक पान करा. मूल घामाघूम झालं, थरथरायला लागलं, एकदम चिडचिडं झालं तर साखर उतरलेली असू शकते. गिळता येत असेल तर आधी ग्लुकोज किंवा साखर द्या, मग आईबापांना फोन लावा. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलं की वाया गेलं. आणि डब्याच्या सुट्टीआधी वर्गात दोन बिस्किटं खाणाऱ्या मुलीला कुणी उभं करू नये, हेही लिहा. मजकूर तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. अशी पानं मी छापून देते तेव्हा डॉक्टरांची सही झालेला कागद हातात आल्याशिवाय मशीनवर चढवत नाही.

पेजला राखणदार लागतो, हे उत्साही पालकांना आधीच सांगून ठेवा. मधुमेह हा शब्द दिसला की खाली 'इन्सुलिन कायमचं बंद, शंभर टक्के बरा, संपर्क करा' म्हणणारे येतातच. टाइप १ च्या मुलाचं इन्सुलिन बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि तो सल्ला तुमच्याच पेजवर छापलेला दिसणार. पेजच्या सेटिंगमध्ये नको असलेल्या शब्दांची यादी देता येते; ते शब्द असलेली कॉमेंट आपोआप झाकली जाते. 'काढा', 'जडीबुटी', 'मुळापासून बरा', 'खात्रीशीर' हे मराठीत, हिंदीत आणि रोमन लिपीत, सगळ्या तऱ्हांनी लिहून टाका. तरीही रोज कुणीतरी एकदा बघितलंच पाहिजे. ज्यांना पेज हवंय त्यांनी वार वाटून घ्यावेत. वार वाटून घ्यायची वेळ आली की किती उत्साह उरतो ते बघा, आणि तेवढंच काम हाती घ्या.

आता फोटो. हसऱ्या मुलाच्या फोटोला लाइक जास्त मिळतात, मान्य. पण पेजवर एकदा गेलेला फोटो तुम्ही काढून टाकला तरी दुसऱ्याच्या फोनमध्ये राहतो. तेरा वर्षांच्या मुलीला विचारा, तिचं काय मत आहे. ती आज हो म्हणाली तरी मी थांबेन. दहावी-बारावीनंतर स्वतःच्या नावाने बोलावंसं वाटलं तर तिचं तिने बोलावं. तोवर ज्यांचा आजार लपवायचा प्रश्नच नाही अशी मोठी माणसं शोधा. लहानपणापासून इन्सुलिन घेऊन आज नोकरी करणारे, संसार करणारे लोक आहेत. त्यांनी नावानिशी, फोटोनिशी लिहिलं तर गैरसमज जास्त जातील. लपवू नका म्हणणाऱ्या पालकांची बाजूही त्यात सांभाळली जाते.

तुमच्या ग्रुपकडेही जरा बघा, कारण ग्रुप म्हणजे बंद खोली असं सगळे समजून चालतात. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप वाटेत कुणाला वाचता येत नाहीत हे खरं, पण स्क्रीनशॉट घेणारा ग्रुपातलाच असतो. शिवाय ग्रुपचं नाव. 'टाइप १ पालक, रत्नागिरी' असं नाव असेल तर फोन टेबलावर ठेवला की शेजारणीला पडद्यावर ते दिसतं; मुलीच्या मैत्रिणीने खेळायला फोन घेतला तर तिलाही दिसतं. 'शनिवारची मंडळी' किंवा असं काहीतरी साधं नाव द्या आणि वरचा सिरिंजचा फोटो काढून टाका. निरोप ९० दिवसांनी आपोआप पुसले जातील अशी सोय सुरू करा. जे कायम लागतं, म्हणजे कुठल्या दुकानात साखर तपासायच्या स्ट्रिप मिळतात, कुठल्या डॉक्टरांची कुठे वेळ, त्याची एक वेगळी फाइल करून महिन्याला एकदा टाकत जा.

नव्या माणसाला आत घेताना आधीच्या एका पालकाची ओळख हवी आणि अ‍ॅडमिनने फोनवर बोलून घ्यावं. औषधांचे विक्रेते पालक बनून येतात. डॉक्टरांना ग्रुपात घेऊ नका. रात्री अकराला रिपोर्टचे फोटो जातील आणि महिन्याभरात ते मुकाट्याने बाहेर पडतील. त्यापेक्षा महिन्यातून एक तास त्यांचा मागून घ्या. आणि एक नियम लेखी असू द्या, इन्सुलिनचे युनिट, म्हणजे मात्रा, कुणी कुणाला सांगायचे नाहीत. 'आमच्याला सहा देतो, तुम्हीपण द्या' हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण वजन, वय, जेवण सगळं प्रत्येक मुलाचं वेगळं.

मदतीचं म्हणाल तर पेजवर कुणाचा खासगी यूपीआय नंबर देऊ नका, कितीही विश्वासू माणूस असो. आधी नोंदणी केलेली संस्था हवी, पावती हवी. ते जमेपर्यंत पैसे नकोत. स्ट्रिप आणि ग्लुकोमीटर थेट हातात घ्या.

ग्रुप पुढे शे-दोनशे घरांचा झाला तर फेसबुकवरचा खासगी आणि शिवाय शोधूनही सापडणार नाही असं सेटिंग केलेला ग्रुप पाहा. तिथे सभासदांना फोन नंबर दिसत नाहीत, प्रवेशाआधी प्रश्न विचारता येतात आणि नाव झाकून पोस्ट करता येते. मुलीची पाळी सुरू झाली आणि साखर वरखाली व्हायला लागली, हे चारचौघांत विचारायला बऱ्याच आयांना जड जातं, तेव्हा ती सोय उपयोगाची. अ‍ॅडमिनला आणि फेसबुकला मात्र ते नाव दिसतं, हे आयांना आधी सांगा.

गावाच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे आणि उपसरपंचही आहे. ग्रुपात कुणी काहीही टाकलं तर अ‍ॅडमिनला आत टाकतात असं ऐकतो. खरं का? विरोधी गटाचे दोघे-तिघे सारखे पाण्यावरून कुरापत काढतात, त्यांना काढून टाकलं तर चालेल का? (सातारा जिल्हा)

दादा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर न्यायालयानेच दिलंय. गोंदियातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येणार नाही. दोघांचा मिळून तसा हेतू किंवा बेत होता हे दिसायला हवं. अ‍ॅडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं यापलीकडे फारसं नाही, असा त्यामागचा विचार होता. पण त्यानंतर, २०२२ मध्ये, दुसऱ्याने टाकलेला निरोप सगळ्यांच्या फोनमधून पुसायची सोय अ‍ॅडमिनला मिळाली. आता 'माझ्या हातात काय होतं' हे म्हणणं पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. अफवा दिसली की पुसा, वाट बघू नका. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं, ते अशाच फिरत आलेल्या निरोपांच्या हवेत. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली. मर्यादा आली तरी निरोप एका ग्रुपातून दुसऱ्यात जातोच, आणि तो दुसरा तुमचा असू शकतो.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी तुम्हाला गोड उत्तर देणार नाही. पाणी कधी सुटणार, ग्रामसभा कधी आहे, घरकुलाची यादी लागली का, हे तुम्ही त्या ग्रुपवरच सांगता, असं पत्रावरून दिसतं. मग विरोधी गटाच्या माणसाला काढलं म्हणजे तुम्ही त्याचं भांडण बंद केलं नाही, त्याची पाण्याची वेळ बंद केली. पंचायतीचं सांगणं अशा जागी हवं जिथून कुणी कुणाला काढू शकत नाही आणि आत घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. उघडं पेज नाहीतर चॅनेल काढा, पंचायतीच्या नावाने. तुमच्या खासगी नंबरावरून नको. त्याचा ताबा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडेही (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) असू द्या, म्हणजे सत्ता बदलली तरी पेज पंचायतीचंच राहील. फलक आणि दवंडी आहेच, ती चालू ठेवा. फोन नसलेली म्हातारी माणसं अजून गावात आहेत.

पेजवर ते दोघे-तिघे कॉमेंट करतीलच. करू द्या. पाण्याबद्दल असेल तर तारीख घालून उत्तर द्या, शिवी असेल तर पुसा. एवढं झालं की जुना ग्रुप गप्पांना मोकळा. तिथे कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, ते तुम्ही आणि तुमचे मित्र बघा.

जर्मनीत आमचं छोटं महाराष्ट्र मंडळ आहे. आमच्या फेसबुक ग्रुपमध्ये गणपतीची तिकिटं, घरभाडं, लोणची, व्हिसाचे प्रश्न सगळं एकत्र असतं. वेगळं करावं का? (ईमेलने)

करा. गणपती, दिवाळी, नाटकाचा प्रयोग हे उघड्या पेजवर; तुमच्या जर्मन शेजाऱ्यांनाही यायचं असतं आणि त्यांना ग्रुपात शिरायला संकोच वाटतो. खोली हवी आहे, प्रेशर कुकर द्यायचा आहे, मुलाच्या शाळेचं काय करू, हे खासगी ग्रुपमध्ये. व्हिसाच्या प्रश्नाबरोबर लोक पासपोर्टचा फोटोच टाकतात, तो दिसताक्षणी पुसा. आणि कमिटी बदलली की त्याच बैठकीत पेजचे आणि ग्रुपचे अ‍ॅडमिन बदला, इतिवृत्तात तशी नोंद करा. नोकरी बदलून मायदेशी परतलेल्या माजी सचिवाला जर्मनीतल्या रात्री दोनला फोन करून पासवर्ड मागायची पाळी मंडळांवर येते, आणि तो त्या वेळी लोकलमध्ये उभा असतो.